थंड्या आवाजाची बाजू

ज्यांच्यावर अन्याय झाला ते माझे बाबा. नाव सुधाकर. वेळ : गेल्या वर्षी एप्रिलमधला दुसरा शनिवार, दुपारची जेवणं आटोपल्यानंतरची. जागा : अमरावतीतल्या एका हॉटेलचा वातानुकूलित हॉल. अन्याय करणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. तो एकटा नव्हता, त्याच्याबरोबर अख्खा हॉल हसला, आणि हॉलचं नाव काय लिहिणार?

त्या हॉलात जुन्या पद्धतीच्या, काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या ध्वनियंत्रांचं प्रदर्शन होतं. पुण्याहून आलेला सूत्रसंचालक एकेक यंत्र लावायचा, थोडं गाणं ऐकवायचा आणि माइक पुढं करून विचारायचा, कसा वाटला आवाज? लोक म्हणायचे, वॉर्म. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, व्हेरी वॉर्म. एका डॉक्टरांनी मराठीचा अभिमान बाळगत 'ऊबदार' म्हटलं, त्यांना टाळ्या पडल्या. मग माइक बाबांकडे आला. बाबा निवृत्तीनंतर स्वतःच्या पसंतीचं पहिलं यंत्र निवडायला आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जणू ड्यूटीवरच. ते उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "चांगला हाय. पन मले अजून थंडा आवाज पायजे."

सूत्रसंचालकानं माइक परत घेतला. मग गोड हसून म्हणाला, "काका, थंडा बाहेर काउंटरवर मिळेल."

हॉल हसला. डॉक्टर हसले, व्हेरी वॉर्मवाला हसला, कोपऱ्यात वायरी गुंडाळणारासुद्धा हसला. मी उठले होते. मी चळवळीतली, माझ्याकडे त्या माणसासाठी तीन परिच्छेद आणि एक घोषणा तयार होती. बाबांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. म्हणाले, "बस वं." एवढंच. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. नांगरून तापायला टाकलेली काळी रानं आणि त्यांच्यावर हलणारी हवा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे अकोल्यात पुन्हा कूलर उतरले. गच्चीवरून, माळ्यावरून, जिन्याखालून ते पत्र्याचे डबे खाली येतात, गल्लीत उताणे पडतात, पोरं त्यांच्या टाकीत पाइप सोडतात. जुनं गवत निघतं, नवा वाळा बसतो. पहिलं पाणी पाझरलं की एक ओला, मातकट वास घरभर पसरतो, आणि त्या वासाबरोबर घुंऽऽ असा आवाज सुरू होतो तो थेट मृगापर्यंत. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, झोप कशी येते यात? आम्हाला तो आवाज बंद झाला की जाग येते. वीज गेली हे आम्हाला दिव्यावरून कळत नाही, कानावरून कळतं.

ज्या मुलखात बायका मेमध्ये सकाळी आठच्या आत बाजार उरकतात, जिथं दुपारी रस्त्यावर कुत्रंही सावली बदलत बदलत चालतं, तिथल्या माणसाला तुम्ही सांगता की चांगला आवाज ऊबदार असतो. ऊब कुणाला गोड वाटते? जिथं बाहेर बर्फ पडतो आणि आत शेकोटीसमोर माणसं लोकर पांघरून बसतात, त्यांना. त्यांचं बरोबरच आहे, त्यांनी त्यांच्या थंडीतून शब्द काढला. आम्ही आमच्या उन्हातून काढला. आमचे डोळे निवतात. आमचा जीव गार होतो. भांडण मिटलं की कलेजा थंडा होतो, आणि म्हातारी आशीर्वाद देते तो तुझं पोट थंड राहो असा. आमच्याकडे शहाण्या, भरवशाच्या माणसाला थंडा माणूस म्हणतात. गरम म्हणतात ते डोक्याला. इतकी भाषा पाठीशी असताना बाबा त्या हॉलात एकटे पडले, याचा राग मला अजून आहे आणि तो मी जपून ठेवणार आहे.

आणखी एक गोष्ट त्या सूत्रसंचालकाला माहीत नव्हती, ती इथं सांगते. तो शब्द बाबांना बक्षीस मिळालेला होता.

बाबा अमरावतीच्या बसस्थानकावर उद्घोषक होते. नोकरीभर, अकोल्याहून ये-जा करत. दर्यापूर, परतवाडा, मोझरी, धारणी ही गावं तुम्ही त्या फलाटांवर ज्या आवाजात ऐकलीत, तो माझ्या बाबांचा. भोंगे असे की त्यातून कोकिळाही डबा ठोकल्यासारखी यावी. बाबांनी त्यावर आपली एक रीत बसवली होती. तोंड माइकपासून जरा बाजूला, बोलणं सावकाश, आणि गावाच्या नावाआधी एक छोटं थांबणं. त्या थांबण्यात फलाटावरची माणसं मान वर करायची. एका उन्हाळ्यात लग्नसराईची झुंबड होती, गाड्या उशिरा, पंखे बंद, लोक एकमेकांवर वसावसा करत होते. धारणीकडं जाणारी एक बाई कडेवर लेकरू घेऊन उद्घोषणेच्या खिडकीशी आली. बाबांना वाटलं आता शिव्या. ती वाकून आत बघत म्हणाली, "इथं तुमीच बोलता का, भाऊ? लय थंडा आवाज हाय. गाडी येईन असं वाट्टे."

बाबा ती गोष्ट घरी येऊन सांगायचे, दर उन्हाळ्यात एकदा तरी, आणि शेवटच्या वाक्याला मान जरा तिरकी करायचे. गाडी येईल असं वाटणं. आवाजाकडून माणसाला आणखी काय हवं असतं?

म्हणून अमरावतीहून आल्यावर जे झालं ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. बाबा वॉर्म म्हणू लागले. मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायचे आणि जेवताना आम्हाला ऐकवायचे, अमुक यंत्र वॉर्म आहे, तमुक थोडं कोरडं आहे. आमच्या घरात तो शब्द पाहुण्याच्या चपलेसारखा दाराशी पडलेला असायचा. कुणी त्यात पाय घालत नव्हतं, पण ओलांडून जावं लागायचं. थंडा हा शब्द त्यांनी टाकलाच. आई कुल्फी आणू का म्हणाली तरी हे म्हणत, आण काहीतरी गार. मला भीती एकच होती. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कानासाठी काही घेणार, आणि ते दुसऱ्याच्या कानानं निवडणार.

बाबांना ट्यूबचा, म्हणजे व्हॉल्व्हचाच, प्रीअ‍ॅम्प घ्यायचा होता. आईला या प्रकरणात सुरुवातीपासून एकच शंका. "ट्यूब तं दोन हायेत घरात. एक लुकलुक करते, ते बदला आधी." मग बाबांनी समजावलं की ही ट्यूब वेगळी, जुन्या रेडिओत असायची ती, काचेची, आत लाल तार. आणि प्रीअ‍ॅम्प म्हणजे काय? ते त्यांनी बसस्थानकावरूनच सांगितलं. वाहतूक नियंत्रक चिठ्ठी पाठवतो, अक्षर बारीक, अर्धं पुसलेलं. ती आधी नीट वाचून समजून घेणारा एक माणूस लागतो. तो चुकला तर भोंगा चुकीचंच ओरडेल, आणि लय मोठ्यानं ओरडेल. तबकडीवरचं गाणं म्हणजे ती चिठ्ठी, मोठा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे भोंगा. "मंग मधातला तुमी," आई म्हणाली. बाबा खूश झाले.

या उद्योगात बाबांचे भागीदार युसुफचाचा. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर बनवतात. पत्रा कापण्यापासून वाळा भरण्यापर्यंत सगळं त्यांच्या दुकानात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळच्या कव्वालीच्या तबकड्या, आमच्याकडे भजनं आणि ख्याल. त्या वाजवायचं जुनं सामान, स्पीकरसकट, मात्र एकच, आमच्या मधल्या खोलीत. दोघांचं कशावरही एकमत नाही. चाचांच्या मते गाण्यात टाळी ऐकू आली पाहिजे, बाकी सगळं आपोआप येतं. बाबांच्या मते श्वास. गाणारीनं श्वास कुठं घेतला हे कळलं नाही तर गाणं ऐकलंच नाही. यावर ते दोघं चहाचे पेले गार होईपर्यंत भांडतात, आणि मग गार चहावरून भांडतात.

गेल्या वर्षीच्याच मेमध्ये दोन प्रीअ‍ॅम्प घरी आले, ऐकून बघण्यासाठी. पहिला त्या हॉलातलाच, सगळ्यांनी वाखाणलेला. काळा चकचकीत, पुढं काचेची खिडकी, आत व्हॉल्व्ह नारिंगी उजळलेले. मी वाकून पाहिलं तर व्हॉल्व्हच्या बुडाखाली एक बारकी एलईडी लावलेली. उजेड तिचा. निखारा दाखवायला दिवा लावलेला! मी तिथंच पत्रक काढायला निघाले होते. बाबा म्हणाले, आवाज आयक आधी. दुसरा अमरावतीच्याच एका हौशी गृहस्थांनी घरी बांधलेला. लोखंडी पेटी, शाळेच्या कंपासपेटीसारखा रंग, बटणावर काही लिहिलेलं नाही. व्हॉल्व्ह आत, दिसतही नाहीत.

लावला पहिला, तर स्पीकरमधून घुंऽऽ. बदलला, दुसऱ्यातूनही घुंऽऽ. वर मधूनच तडतड. बाबा आणि चाचांनी मिळून आधी वायरी बदलल्या, मग सुई पुसली, मग तबकडीला दोष दिला, शेवटी एकमेकांना. झालं होतं असं की व्हॉल्व्ह, चाचांच्या तोंडी 'वॉल', फार तापतात म्हणून चाचांनी दोन्ही पेट्या कूलरच्या अगदी तोंडाशी मांडल्या होत्या. ओली हवा थेट अंगावर. आणि कूलरची पिन त्याच बोर्डात. जगात दुसरीकडं कुठं कुणी अशी चूक करेल असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात दारी आलेल्याला कूलरपुढं बसवायचं, ही आमची रीत. चाचांनी व्हॉल्व्हलाही पाहुण्यासारखं वागवलं.

आई पलीकडं भिंतीला टेकून वर्षाचे गहू निवडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "कूलर बंद करा, मंग आयका."

खोलीत कुणीच हललं नाही. मे महिना, दुपार, अकोला. चाचांनी छातीवर हात ठेवला. "भाभी, कूलरवाल्याच्या तोंडावर कूलर बंद करायले सांगून राहिल्या तुमी. मैं तो बर्बाद हो गया." पण बटण त्यांनीच बंद केलं.

घुंऽऽ गेलं. तडतड पेट्या हलवून कोरड्या केल्यावर गेली. आणि जी शांतता उरली ती आम्ही त्या ऋतूत घरात कधी ऐकलीच नव्हती. गहू सुपात सरकत होते ते ऐकू आलं. गल्लीतला एक स्टोव्ह. चाचांचा श्वास. पहिल्या मिनिटाला मानेवरून घाम निघाला, दुसऱ्याला पाठीवरून. मी हे अभिमानानं लिहिते आहे. वातानुकूलित हॉलात बसून आवाजाच्या उबेवर बोलणं सोपं असतं. ऐकण्यासाठी आधी अंगावर ऊन घ्यायची तयारी ठेवणारी माणसं मी माझ्या घरात पाहिली.

बाबांनी मोझरीकडच्या खंजिरी भजनाची तबकडी लावली. खंजिरीवर यंत्राचा कस लागतो. तिच्या झांजा फार पुढं आल्या तर कानात काट्यासारख्या रुततात. चकचकीत यंत्रावर त्या रुतल्या नाहीत. आवाज भरदार होता, गोल होता, खोटं कशाला बोलू, चांगला होता. पण खंजिरीवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं झालं. गायकाच्या आवाजालाही गोधडी. चाचांना टाळी आवडली, ते मान हलवत होते. मी पदरानं, म्हणजे ओढणीनं, वारा घेत होते. आईनं मधेच विचारलं, झालं का, कूलर लावू का? बाबा डोळे मिटून होते. म्हणाले, "वॉर्म हाय. लोकं म्हंतात तसाच."

"लोकं जाऊ दे," चाचा म्हणाले. "तू काय म्हंतं, सुधाकरभौ?"

बाबा वाकून सुई पुसू लागले. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं, पण ते माझं झालं असतं. दुसऱ्याच्या वतीनं बोलण्याची आम्हा चळवळवाल्यांना इतकी सवय असते की गप्प राहणं हेसुद्धा काम आहे हे विसरायला होतं. मी ओढणीनं वारा घेत राहिले.

मग लोखंडी पेटी. ती चटकन बोलेना. आत व्हॉल्व्ह तापायला वेळ घेत होते, गाणं दुरून, विहिरीतून आल्यासारखं. चाचा म्हणाले, हे तर ट्यूबलाईट निघालं. बाबांनी तबकडी बदलली. एका बाईंची भीमपलासी होती, दुपारचाच राग, एक पूर्ण बाजू. हळूहळू आवाज पुढं आला. पुढं म्हणजे मोठा झाला नाही. बाई जिथं बसल्या होत्या तिथं त्यांच्या भोवती जागा झाली. तानपुरा मागं सरकला, तबला डावीकडं जरा लांब बसला. एका तानेआधी त्यांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला, आणि बाबांची मान वर झाली. बसस्थानकावर लोकांची व्हायची तशी. मी वारा घ्यायचं कधी थांबवलं, मला आठवत नाही. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि ती धूळही सावकाश खाली येत असावी असं वाटत होतं. आईचं सूप थांबलं होतं.

बाजू संपली. सुई आत मध्याशी जाऊन टिकटिक करू लागली. कुणी उठेना. तेव्हा आई दचकल्यासारखी आमच्याकडे बघत म्हणाली,

"कूलर काहून बंद केला?"

आम्ही तिघं तिच्याकडे पाहत राहिलो. कूलर बाजूभर बंदच होता. तिनंच बंद करायला लावला होता. तिच्या अंगाला तो चालू असल्यासारखं वाटत होतं, आणि गाणं थांबलं तेव्हा तिला वाटलं आम्ही आत्ता बंद केला.

चाचा आधी हसले. इतके की भिंतीला टेकले. म्हणाले, तीस वर्सं झाली कूलर बनवून राहिलो, भाभीनं एका पेटीसाठी माझं दुकान बंद केलं. आईला अजून कळत नव्हतं की आम्ही का हसतोय, आणि ती रागावत होती. आणि बाबा उठले. त्यांनी सुई उचलली, तबकडी पाकिटात घातली, लोखंडी पेटीवर हात ठेवून तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. ती चांगलीच तापली होती. मग ते वळले, आणि गावाच्या नावाआधी थांबायचे तसे थांबले.

"थंडा हाय," ते म्हणाले. "हाच घेतो."

ते दोन शब्द त्यांनी आमच्यासाठी उच्चारले नव्हते. सगळ्या फलाटांवर ऐकू जावेत असे उच्चारले होते. चाचांनी तक्रार केली की टाळी थोडी मागं गेली, त्यावर दोघांचं भांडण जुंपलं, ते आजही चालू आहे. भांडणात एकदा चाचांनी जे म्हटलं ते मला फार आवडतं. वॉल तापल्याशिवाय आवाज थंडा होत नाई, आपल्या मुलखासारखंच हाय याचं. मी ते पत्रकावर छापणार होते. चाचांनी मनाई केली, म्हणाले, माझ्या धंद्यात असं बोलणं बरं नाही.

यंदा वाळ्याचा वास आला तशी दुपारची माणसं जमू लागली आहेत. मधल्या खोलीत चटया पडतात. कुणी पातूरहून तबकडी घेऊन येतो, कुणी नुसताच येतो. कूलर बंद होतो, घाम निघतो, बाजू लागते. बाजू संपल्यावर बाबा प्रत्येकाला विचारतात, कसा वाटला, आणि माइक धरल्यासारखी मूठ पुढं करतात. परवा एका आजोबांनी सांगितलं, माठातल्यासारखा. एका पोरीनं सांगितलं, मोकळा, पण कपाळावर हात ठेवल्यासारखा. कुणीही हसलं नाही. बाबा दर उत्तराला मान डोलावतात, आणि मी खोलीच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघते. अमरावतीच्या त्या हॉलात ज्यांना हसू आलं त्यांनी यावं. त्यांनाही चटई मिळेल.

आता मागणी. ती सरकारकडे नाही, दुकानदारांकडे नाही. ती हे वाचणाऱ्याकडे, तुमच्याकडे आहे. या मेमध्ये एक दुपार निवडा. कूलर बंद करा, पंखाही करा. तुमच्याकडे जे काही वाजतं, जुना रेडिओ, मोबाइल, काहीही, त्यावर एक गाणं शेवटपर्यंत ऐका. आणि कसं वाटलं ते उसना शब्द न घेता, ज्या बोलीत तुम्ही आईशी भांडता त्या बोलीत, घरातल्या एका माणसाला मोठ्यानं सांगा.